हायवेवर भरती येते, विमान उतरतं आणि डिंगोसोबत सेल्फी काढला तर लाखाचा दंड : गरी बेटाची स्वस्तातली ट्रिप नेमकी असते कशी?

ऑस्ट्रेलियात एक हायवे आहे. त्यावर वेगमर्यादा आहे, पोलीस थांबवून दारूची तपासणी करतात, सीटबेल्ट नसेल तर पावती फाडतात. मध्येच आकाशातून छोटं विमान खाली येतं आणि गाड्यांच्या शेजारी त्याच रस्त्यावर उतरतं. सगळं आहे, फक्त डांबर नाही. कारण हा हायवे म्हणजे समुद्राची पुळण आहे. दिवसातून दोनदा भरती येते आणि हायवे पाण्याखाली जातो.

त्याचं नाव 75 माइल बीच. आणि तो ज्या बेटावर आहे ते जगातलं सगळ्यात मोठं वाळूचं बेट. क्वीन्सलँड राज्याच्या किनाऱ्याजवळ, ब्रिस्बेनपासून उत्तरेला. लांबी साधारण 122 किलोमीटर, क्षेत्रफळ बृहन्मुंबईच्या अडीचपटीहून जास्त.

परवापरवापर्यंत नकाशात याचं नाव होतं फ्रेझर आयलंड. 7 जून 2023 ला ते अधिकृतपणे बदललं आणि जुनं, मूळचं नाव परत आलं. इंग्रजीत लिहिताना सुरुवातीला ‘के’ येतो, पण तो उच्चारायचा नाही. म्हणायचं नुसतं ‘गरी’. इथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे बुचुल्ला लोकांच्या भाषेत याचा अर्थ स्वर्ग.

रील्समध्ये तुम्ही हे बेट पाहिलं असेलच. पांढरीशुभ्र वाळू, निळंशार तळं, टपावर सामान बांधलेली फोर बाय फोर आणि नाचणारी सात-आठ पोरं. खाली कमेंटमध्ये ‘बजेट किती?’ असा प्रश्न हमखास असतो. त्याचं उत्तर देऊच, पण त्याआधी हे बेट काय चीज आहे ते बघू. कारण इथला प्रत्येक नियम आणि जवळपास प्रत्येक खर्च त्या वाळूतूनच निघतो.

एवढी वाळू आली कुठून?

दक्षिणेकडच्या न्यू साउथ वेल्समधल्या डोंगरांची झीज झाली, नद्यांनी ती वाळू समुद्रात आणून टाकली आणि लाटांनी ती किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे ढकलत नेली. हे काम लाखो वर्षं चाललंय, अजूनही चालू आहे. इथल्या काही टेकड्या 240 मीटरपर्यंत उंच आहेत आणि त्या पूर्ण वाळूच्या आहेत.

आता खरी गंमत पुढे आहे. वाळूत काय उगवतं? आपल्याकडे कोकणात पुळणीवर फार तर सुरू आणि मर्यादवेल दिसते. पण गरीच्या मधोमध घनदाट वर्षावन आहे. वाळूत पोषण जवळपास नसतंच, तरी मुळांशी राहणारी बुरशी वाळूच्या कणांवरची खनिजं झाडाला मिळवून देते. पानं गळतात, कुजतात, पुन्हा मुळांना मिळतात. वर्षानुवर्षं हेच चक्र फिरत राहिलं आणि ढगाला भिडणारी सॅटिने जातीची झाडं उभी राहिली. त्यांचं लाकूड खाऱ्या पाण्यातही लवकर सडत नाही, म्हणून ते पार सुएझ कालव्याच्या कामासाठी नेलं गेलं.

तळ्यांचंही तसंच. वाळूत पाणी मुरायला हवं, पण कुजलेली पानं आणि वाळू यांचा थर बसून तळाशी घट्ट बूड तयार होतं आणि पावसाचं पाणी वरच अडकून राहतं. भूजलाशी संबंधच नाही. असे अधांतरी तलाव जगात थोडेच आहेत आणि त्यातले निम्मे या एकट्या बेटावर आहेत. सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे बुरांगूरा, ज्याला लेक मॅकेंझी म्हणायचे. समुद्रसपाटीपासून 100 मीटर उंचावर, तळाला जवळपास शुद्ध सिलिका.

हे पाणी येतं पावसातून आणि जातं हळूहळू. त्यामुळे तुम्ही अंगाला सनस्क्रीन चोपडून डुबकी मारली तर ते तेल वाहून कुठे जात नाही, तिथेच राहतं. दिवसाला शेकडो माणसं अशी उतरली की काय होईल याचा हिशोब अवघड नाही. तळ्यात जाताना टोपी आणि पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घाला, असं म्हणतात ते यासाठी.

आता पैशांचं बोलू

ब्रिस्बेनहून दोन रस्ते आहेत. एक रेनबो बीचला जातो, दुसरा हर्वी बेला. दोन्हीकडे बस जाते, दोन्हीकडे बॅकपॅकर हॉस्टेल आहेत. रेनबो बीचजवळच्या इन्स्किप पॉइंटवरून बार्ज, म्हणजे गाड्या नेणारी सपाट बोट, दहा-पंधरा मिनिटांत बेटावर सोडते. हर्वी बेच्या बाजूने रिव्हर हेड्सहून निघालात तर पाऊण ते एक तास लागतो.

बेटावर सार्वजनिक बस नाही आणि साधी कार चालत नाही. फोर बाय फोरच लागते. म्हणजे तीन पर्याय उरतात.

पहिला, बॅकपॅकर लोकांचा लाडका, टॅग-अलाँग टूर. चार-पाच गाड्यांचा ताफा असतो. पहिली गाडी गाइड चालवतो, मागच्या गाड्या पर्यटक आळीपाळीने चालवतात. रात्री कुंपणाच्या कॅम्पमध्ये तंबू, जेवण गटाने मिळून. दोन रात्री, तीन दिवसांचे साधारण पाचशे ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे लागतात. एक डॉलर म्हणजे साठ रुपयांच्या आसपास, तेव्हा तीस हजार धरा. एकट्याने फिरणाऱ्याला एवढ्यात याहून बरं काही मिळत नाही. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा, नाहीतर तीन दिवस पाव आणि कोशिंबीर.

पूर्वी हॉस्टेलवाले गाडीची किल्ली हातात द्यायचे, थोडं समजावायचे आणि अकरा-अकरा जणांना कोंबून पाठवायचे. वाळूवर कधीच गाडी न चालवलेली विशीतली पोरं, टपावर सामान, समोर मोकळा किनारा. गाड्या उलटल्या, जीव गेले. 2009 मध्ये नियम कडक झाले. आता किनाऱ्यावर ताशी 80 किलोमीटरची मर्यादा आहे आणि आतल्या वाटांवर 30. ओढ्याच्या तोंडाशी वाळूत पाण्याने कापलेली पायरी तयार होते, ती लांबून दिसत नाही. त्यावर 80 च्या वेगाने गाडी गेली की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

दुसरा पर्याय, मित्रांनी मिळून गाडी भाड्याने घ्यायची. भाडं दिवसाला दोनशे-तीनशे डॉलरपर्यंत जातं, वर बार्जचं तिकीट. शिवाय दोन परवाने लागतात. महिन्याभराचा वाहन परवाना साधारण 60 डॉलरचा आणि कॅम्पिंगचा माणशी रात्रीला दहा डॉलरच्या आत. दोन्ही आधीच ऑनलाइन काढायचे. पाच-सहा जण असाल तर हे टूरपेक्षा स्वस्त पडू शकतं. ‘शकतं’ म्हणतोय, कारण खरा खर्च करारनाम्याच्या बारीक अक्षरांत लपलेला असतो. अनेक भाड्याच्या गाड्या या बेटावर न्यायला परवानगीच नसते. जिथे असते तिथेही खाऱ्या पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक वेळा विम्यात बसत नाही. भरतीत गाडी अडकली तर ती गाडी तुमच्या नावावर. अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर बुडालेल्या एसयूव्ही आपण बातम्यांत बघतो, तसंच, फक्त डॉलरमध्ये.

म्हणून टायरमधली हवा निम्म्याजवळ उतरवायची आणि भरतीच्या आधी दोन तास, नंतर दोन तास किनाऱ्यावर गाडी घालायची नाही. इथे दिवसाचं वेळापत्रक घड्याळ ठरवत नाही, ओहोटी ठरवते. पहाटे पाचला ओहोटी असेल तर पहाटे पाचला निघायचं.

तिसरा पर्याय रील्समध्ये दिसत नाही, पण मला विचाराल तर सगळ्यात भारी तोच. चालायचं. गरी ग्रेट वॉक ही 90 किलोमीटरची पायवाट आहे, डिली व्हिलेजपासून हॅपी व्हॅलीपर्यंत, सहा ते आठ दिवसांची. वाटेत चालणाऱ्यांसाठी वेगळे तळ आहेत. गाडी नाही, पेट्रोल नाही, विमा नाही. सह्याद्रीत पाठीवर सॅक घेऊन फिरलेल्या माणसाला चढ किरकोळ वाटेल, पण वाळूत चालणं पिंढऱ्यांची परीक्षा घेतं आणि पाणी उकळून किंवा गाळूनच प्यावं लागतं.

बेटावर दुकानं मोजकी आणि महाग, तेव्हा किराणा मुख्य भूमीवरच भरायचा. शेकोटीला जवळपास सगळीकडे मनाई आहे. कारण 2020 मध्ये एका बेकायदा शेकोटीतून वणवा पेटला, दोन महिन्यांच्या आसपास धुमसत राहिला आणि निम्म्या बेटाला झळ पोहोचली. म्हणून गॅसची शेगडी न्यायची. किनाऱ्यावरच्या उघड्या कॅम्पिंग पट्ट्यांत संडासही नाहीत, पोर्टेबल टॉयलेट सोबत न्यावं लागतं. हे कुठल्याही रीलमध्ये सांगत नाहीत.

आणि तो लाखाचा दंड?

बेटावर डिंगो आहेत. बुचुल्ला भाषेत वोंगारी. दिसायला आपल्या गल्लीतल्या तांबूस कुत्र्यासारखे, किंचित बारीक, आणि इथेच घोळ होतो. भारतातून गेलेल्या माणसाला सवयच असते, कुत्रं जवळ आलं की बिस्किट टाकायचं. डिंगो हा जंगली शिकारी प्राणी आहे. पाळीव कुत्रे बेटावर आणायलाच बंदी आहे, त्यामुळे इथली जात बऱ्यापैकी शुद्ध राहिली आहे.

एकदा बिस्किट मिळालं की त्याला कळतं, माणूस म्हणजे खाणं. मग तो तंबूशी येतो, पिशवी ओढतो, न मिळाल्यास चावतो. 2001 मध्ये डिंगोंच्या हल्ल्यात नऊ वर्षांचा मुलगा गेला आणि त्यानंतर 30 हून जास्त डिंगो मारण्यात आले. जुलै 2023 मध्ये किनाऱ्यावर पळायला गेलेल्या एका तरुणीला डिंगोंनी पाण्यात रेटलं, लोक धावले म्हणून ती वाचली. पुढे त्या टोळीच्या म्होरक्याला मारलं गेलं. त्याच सुमाराला दोन बायकांनी डिंगोंच्या जवळ जाऊन सेल्फी आणि व्हिडिओ काढले, सोशल मीडियावर टाकले आणि त्याच पोस्टवरून पकडल्या गेल्या. प्रत्येकी 2,300 डॉलर दंड, म्हणजे सव्वा लाखाच्या वर.

म्हणजे बिस्किट टाकणारा तीन दिवसांनी घरी जातो. त्याची किंमत नंतर येणाऱ्या कुणाची तरी पोटरी आणि त्या डिंगोचा जीव मोजतो. यात सगळ्यात जास्त दुखावतात ते बुचुल्ला लोक, कारण त्यांच्यासाठी वोंगारी घरचा आहे.

तिथे असाल तेव्हा एकट्याने फिरायचं नाही, लहान मुलांना हाताच्या अंतरावर ठेवायचं, चालताना हातात काठी ठेवायची. डिंगो समोर आला तर पळायचं नाही. ताठ उभं राहून, त्याच्याकडे तोंड ठेवून मागे सरकायचं. खाणं कुलूपबंद पेटीत, तंबूत तर वेफर्सचं पाकीटही नाही.

नावाचं प्रकरण

फ्रेझर हे नाव आलं ते 1836 च्या जहाजफुटीवरून. ‘स्टर्लिंग कॅसल’ जहाज बुडालं, कॅप्टन जेम्स फ्रेझरची बायको एलायझा वाचून बेटावर आली आणि बुचुल्ला लोकांमध्ये राहिली. सुटका झाल्यावर तिने आपल्या ‘छळाच्या’ कहाण्या सांगितल्या. त्या तिखटमीठ लावून इंग्लंडपर्यंत पोहोचल्या, बुचुल्ला म्हणजे रानटी असा शिक्का बसला आणि त्यांना हुसकावणं सोपं झालं. बुचुल्लांचं म्हणणं उलट आहे, आमच्या माणसांनी तिला जगवलं. 1976 मध्ये बेटावरचं वाळूचं खाणकाम थांबलं, 1991 मध्ये झाडतोड थांबली, 1992 मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा आला. पण बुचुल्लांचा पारंपरिक हक्क न्यायालयाने मान्य करायला 2014 उजाडलं.

जाता जाता एक आपल्या कामाचं. पूर्व किनाऱ्यावरच्या एका कड्याचं नाव इंडियन हेड आहे. तिथे कुणी भारतीय गेला नव्हता. 1770 मध्ये जेम्स कुकला त्यावर माणसं उभी दिसली आणि युरोपियनांच्या तेव्हाच्या सवयीप्रमाणे त्याने त्यांना ‘इंडियन’ म्हटलं.

खरे इंडियन आता जातायत. ऑस्ट्रेलियात शिकणारी मराठी पोरं सुट्टीत जातात, आणि आता 18 ते 30 वयाच्या भारतीयांसाठी वर्क अँड हॉलिडे व्हिसाही आहे. दोन देशांतल्या व्यापार करारातून आलेला, वर्षाला 1,000 जागा, सोडतीने. जवळच्या बंडाबर्गच्या शेतांवर फळं-भाज्या तोडून पैसे जमवायचे आणि ते गरीवर उडवायचे, हा बॅकपॅकर मंडळींचा जुना रिवाज आहे.

जायचं ठरलं तर ईस्टर आणि नाताळ टाळा, तेव्हा किनाऱ्यावर तंबूला तंबू लागलेला असतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर चांगला काळ, हर्वी बेच्या बाजूला हंपबॅक देवमासे दिसतात. समुद्रात मात्र पोहायचं नाही, खेचणारे प्रवाह आहेत आणि टायगर शार्कही. पोहण्यासाठी एलाय क्रीक आहे, तासाला लाखो लिटर गोडं पाणी समुद्रात सोडणारा ओढा. वरच्या बाजूला पाण्यात शिरायचं, टायरची ट्यूब सोडायची आणि काही न करता किनाऱ्यापर्यंत वाहत यायचं. त्याला एक पैसा लागत नाही.