केशसंभाराचे गणित

या व्याख्यानाचा विषय ऐकला तेव्हा आमच्या आत्याबाई म्हणाल्या, ‘‘केसांना तेल लागतं, फणी लागते, गणित कधीपासून लागायला लागलं?’’ प्रश्न थट्टेचा होता, पण प्रस्तावनेला तोच बरा. संगणकावर घडविलेल्या पात्रांचे जे चित्रपट आज लहानथोर सारेच पाहतात, त्यांतील पात्रांना तेलही लावता येत नाही आणि फणीही फिरविता येत नाही. तेथे केस म्हणजे निव्वळ आकडे. पात्र धावले, वळले, वाऱ्यात उभे राहिले की केसांनी कसे हलावे हे यंत्राला कोणीतरी सांगावे लागते. आणि ते सांगावयाचे म्हणजे पदार्थविज्ञानाचे नियम व त्या नियमांत घालावयाची मूल्ये. नियम थोडे आहेत, आणि पुष्कळसे जुने आहेत. सारी मेख मूल्यांत आहे. ही मूल्ये कशी बसवितात, आणि निसर्गातील मूल्ये जशीच्या तशी उचलून घातली तरी पडद्यावर केस नेहमी खरे का वाटत नाहीत, एवढेच आम्ही येथे सांगणार आहोत.

प्रथम खऱ्या केसाकडे पाहू. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. केसाची जाडी सामान्यतः मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. दोन बोटांत धरून तो ओढला तर जवळजवळ लांबत नाही. पण वाकविला तर फुंकरीनेही वाकतो. ताणाला हट्टी आणि वाकण्याला मवाळ असा हा दुहेरी स्वभाव ध्यानात ठेवावा, कारण पुढची बहुतेक भानगड त्यातूनच उपजते. 2012 साली गोल्डस्टीन, वॉरन व बॉल या तिघा शास्त्रज्ञांनी इंग्लंडात पोनीटेलच्या, म्हणजे मागे एकत्र बांधून मोकळ्या सोडलेल्या केसांच्या, आकाराचे गणित मांडले. त्यांच्या हिशेबात एक लांबी येते, सुमारे पाच सेंटीमीटर. केस याहून पुष्कळ आखूड असेल तर त्याचा स्वतःचा ताठरपणा जिंकतो आणि तो उभा राहू शकतो. याहून पुष्कळ लांब असेल तर पृथ्वीचे ओढणे जिंकते आणि तो लोंबतो. न्हाव्याकडून बारीक केस कापून आलेल्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवावा, म्हणजे प्रत्यय येईल. केसाची लांबी या पाच सेंटीमीटरांच्या किती पट आहे, त्या आकड्याला त्यांनी परीकथेतील लांबसडक केसांच्या मुलीवरून रॅपन्झेल अंक असे नाव दिले.

आता यंत्राकडे वळू. यंत्र केसाला अखंड तंतू म्हणून ओळखत नाही. ते केसावर काही बिंदू कल्पिते व त्या बिंदूंना लहान लहान कमानींनी, म्हणजे स्प्रिंगांनी, जोडते. काही कमानी ताणाला विरोध करतात, काही वाकण्याला, काही पिळाला. मुळाशी असलेला बिंदू कवटीला खिळलेला असतो. डोके हलले की तो हलतो आणि बाकीचे बिंदू त्याच्यामागून फरफटत येतात. एक लाख केसांचा असा हिशेब करणे फार महाग पडते, म्हणून काही शेकडा किंवा काही हजार मार्गदर्शक केसांचाच हिशेब करतात आणि उरलेले केस त्यांच्या आधाराने मधल्या जागांत भरतात. पेरणीत तिफणीच्या मागे ओळी उमटत जाव्यात, तसे ते दिसते.

पहिली अडचण काळाची. चित्रपटात सेकंदाला 24 चित्रे दिसतात. यंत्राने एका चित्राहून दुसऱ्या चित्रावर एकदम उडी घेतली तर मधल्या काळात काय झाले ते त्याला कळत नाही. डोळे मिटून गाडी हाकणारा माणूस मधूनमधून क्षणभर डोळे उघडतो अशी कल्पना करा. रस्ता सरळ असला तर निभावेल. घाटात निभावणार नाही. केसाच्या ताणाची कमान फार ताठ असते. यंत्राने मोठे पाऊल टाकले की बिंदू आपल्या जागेच्या पलीकडे जातो, कमान त्याला अधिक जोराने मागे खेचते, तो दुसऱ्या बाजूला आणखी दूर जातो, आणि चार-सहा पावलांत साऱ्या केसांचा भडका उडून ते आकाशात जातात. म्हणून एका चित्राच्या काळाचे आणखी बारीक तुकडे पाडावे लागतात. सरळ पुढे पुढे मोजत जाण्याच्या पद्धतीत ताठरपणा चौपट केला तर पाऊल निम्मे करावे लागते, असा हिशेब आहे. हा भडका टाळणारी एक निराळी पद्धत बराफ व विट्किन यांनी 1998 साली कापडाच्या हालचालीसाठी मांडली. ती मोठ्या पावलालाही डगमगत नाही. पण मोठ्या पावलासरशी ती हालचालीचा जोम गिळून टाकते, आणि केस काकवीत बुडविल्यासारखे जड हलू लागतात. नवशिक्या माणसाला वाटते, आपण आकडा चुकीचा घातला. आकडा बरोबर असतो. पाऊल मोठे असते.

येथे आमच्या स्वतःच्या फजितीची हकिकत सांगणे भाग आहे. आमच्या भाच्याने संगणकावर एक लहान मुलगी उभी केली आणि तिला पाठीवर एक शेपटा घातला, चांगला सदतीस सेंटीमीटरांचा. मुलगी मान वळवी, आणि शेपटा इतक्या संथपणे झोके घेई की पोरगी विहिरीच्या तळाशी चालते आहे असे वाटावे. आम्ही दोघांनी दोन रात्री ताठरपणा, वजन, हवा, सारे आकडे फिरविले. शेवटी वैतागून गुरुत्वाकर्षणच दसपट केले. तेव्हा झोका थोडा सुधारला, पण पळताना शेपटा पाठीला डिंकाने चिकटविल्यासारखा राही. दोष कोठे होता? मुलगी रचताना सेंटीमीटर धरले होते आणि यंत्र त्यांना मीटर समजत होते. आमची शेपटेवाली बालिका शंभरपट मोठी, म्हणजे एखाद्या डोंगराएवढी होती! लोंबणाऱ्या वस्तूचा झोका तिच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात लांबतो. सदतीस सेंटीमीटरांचा एकसारखा शेपटा सुमारे एका सेकंदात एक पूर्ण झोका घेतो. शंभरपट लांबीला दहा सेकंद. यंत्र अगदी खरे बोलत होते. आम्ही माप दुरुस्त केले, बाकीचे आकडे मूळ जागी नेले, आणि शेपटा शहाण्यासारखा वागू लागला.

आत्याबाईंनी तो पाहिला व म्हणाल्या, ‘‘याला गोंडा कुठं आहे? गोंड्याशिवाय शेपटा असा हलत नाही.’’ ही सूचना वरवर शृंगाराची, पण आतून पदार्थविज्ञानाची आहे. टोकाला वजन बांधले की शेपट्याचा झोका एका सेकंदावरून सव्वा सेकंदाच्या दिशेने सरकतो आणि टोकाची वळवळ थांबते. ज्यांनी आयुष्यभर वेण्या घातल्या त्यांची नजर या कामात यंत्रवाल्यांच्या फार उपयोगाची आहे, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

माप व पाऊल ठाकठीक झाल्यावरच बाकीच्या आकड्यांना हात लावावा. त्यांतला सर्वांत फसवा आकडा अवमंदनाचा, म्हणजे हालचाल किती लवकर विझावी याचा. तो फार कमी असेल तर पात्र थांबल्यावरही केस रबरासारखे थरथरत राहतात. फार जास्त असेल तर पुन्हा ती काकवी. शिवाय विझविणारी शक्ती दोन प्रकारची असते. एक केसाच्या अंगातील घर्षणाची. ती वाकण्याची थरथर मारते, पण एकंदर झोक्याला फारसा धक्का लावीत नाही. दुसरी बाहेरच्या हवेची. ती प्रत्येक हालचालीला अडविते आणि धावणाऱ्या पात्राचे केस मागे उडविते. थरथर घालविण्यासाठी हवेचा आकडा वाढविला की थरथर जाते, आणि तिच्याबरोबर झोकाही जातो. हे दोन आकडे वेगळे ठेवण्याची शिस्त पुष्कळांना उशिरा लागते. आम्हालाही उशिराच लागली.

आकडे बसले की नाही हे पाहावयास एक सुंदर कसोटी आहे. पळणाऱ्या मुलीचे डोके वरखाली होते, आजूबाजूला विशेष हलत नाही; तरी तिचे मागे बांधलेले केस मात्र डावीउजवीकडे झोके घेतात. हे असे का? जोसेफ केलर या अमेरिकन गणितज्ञाने 2010 साली त्याचे उत्तर दिले. लोंबत्या वस्तूचा आधार तिच्या नैसर्गिक झोक्याच्या सुमारे दुप्पट वेगाने वरखाली होऊ लागला की सरळ लोंबणे अस्थिर होते आणि वस्तू बाजूला झोके घेऊ लागते. दर पावलाला डोके एकदा उसळते, आणि दोन पावलांत केसांचा एक झोका पुरा होतो. तेव्हा पात्राला सरळ रेषेत पळवावे. केस आपण होऊन डावीउजवीकडे डोलू लागले तर लांबी, वजन, गुरुत्व व अवमंदन यांचा मेळ जमला असे समजण्यास हरकत नाही. (केलर व ते इंग्लंडातील तिघे यांना 2012 साली मिळून ‘इग नोबेल’ हे विनोदी पारितोषिक देण्यात आले. प्रथम हसविणाऱ्या आणि मग विचार करावयास लावणाऱ्या संशोधनासाठी ते असते.)

येथवर सरळ केसांची कथा झाली. कुरळ्या केसांपाशी मात्र निराळाच पेच उभा राहतो. कॅलिफोर्नियातील पिक्सार या संस्थेने 2012 साली ‘ब्रेव्ह’ हा चित्रपट काढला. जुन्या स्कॉटलंडातील मेरिडा नावाची राजकन्या ही त्याची नायिका. आई राणी नीटनेटकी, केस घट्ट बांधलेली. मुलगी घोडा फेकणारी, धनुष्य ओढणारी, आणि डोक्यावर लालभडक कुरळ्या केसांचे रान. विवाहेच्छू तरुण आले असता आई तिचे सारे केस शिरोवस्त्राखाली कोंबते, आणि एक बट हट्टाने बाहेर येत राहते. त्या एका बटेत मायलेकींचे सारे भांडण आहे. ती बट तारेसारखी ताठ दिसली असती तर भांडण उणावले असते; आणि शेवयांसारखी सुटून लोंबली असती तर राजकन्या मेरिडा राहिली नसती.

पेच असा. बटेची वेटोळी टिकावीत म्हणून वाकण्याचा ताठरपणा वाढवावा, तर केस तारेचे होतात, मऊपणा जातो. मऊपणासाठी तो कमी करावा, तर वजनाने वेटोळी उलगडून केस सरळ होतात. शिवाय अशा चित्रपटांतील पात्र एका क्षणात असे गर्रकन वळते की खऱ्या माणसाची मान तसे वळताना मोडेल. तेवढ्या झटक्याला खरा कुरळा केस आपला आकार राखणार नाही. म्हणजे ताठरपणाचा एकच आकडा आणि त्याच्यावर दोन परस्परविरुद्ध मागण्या. हेली आयबेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून जी वाट काढली ती अशी: कुरळ्या बटेची वेटोळी गुळगुळीत करून त्यांच्या मधोमध जाणारी एक रेषा काढावयाची, जणू मळसूत्राचा कणा. मग या कण्यालाच एक स्वतंत्र कमान बसवावयाची. बट ओढली गेली की वेटोळी उघडू पाहतात, कणा लांबतो, आणि ही कमान त्याला आवरते. केसाचा स्वतःचा ताठरपणा मग खुशाल कमी ठेवता येतो. बट मऊपणे डुलते आणि तिचे वेटोळेही मोडत नाही. सुमारे दीड हजार मार्गदर्शक बटा आणि त्यांच्या आधाराने लाखाच्या वर केस, असा तो केशसंभार होता.

निसर्गात ही कण्याची कमान नाही. मग ही लबाडी म्हणावी काय? आम्हाला तसे वाटत नाही. रंगभूमीवर नट कानात कुजबुजतो आणि ते कुजबुजणे शेवटच्या रांगेला ऐकू जाते. त्याला कोणी खोटे म्हणत नाही. जेथे पात्राची मानच निसर्गाच्या नियमाने वळत नाही, तेथे केसांना तेवढे निसर्गाचे आकडे लावणे हीच विसंगती होय.

केसाला केस घासतो त्याचा हिशेब थोडक्यात सांगतो. एक लाख केसांच्या जोड्या पाडल्या तर त्या सुमारे पाचशे कोटी होतात. म्हणून जवळच्या केसांपुरतीच विचारपूस करतात, किंवा हडप व मान्येना-थालमान यांनी 2001 साली सुचविल्याप्रमाणे साऱ्या केसांना मिळून एक वाहता पदार्थ समजतात.

मात्र ‘नेहमीचे केस’ म्हणून आपण कोणते केस धरून चालतो? थिओडोर किम यांनी 2020 साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात लिहिले की या शास्त्रात ‘मानवी केस’ म्हणून जे शिकविले जाते ते बहुतांशी युरोपीय व पूर्व आशियाई धर्तीचे सरळ किंवा किंचित लहरी केस होत. आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या घट्ट वेटोळ्यांच्या केसांचा विचारच झाला नाही. मळसूत्र इतके आवळ असते की केस पाच सेंटीमीटरांचा झाला म्हणून लोंबू लागत नाही. तो बाहेर फुलतो. किम, ए. एम. डार्क व त्यांचे सहकारी यांनी 2024 साली अशा केसांचे बारकावे गणितात आणले. शेजारच्या केसांची वेटोळी पावलाला पाऊल मिळवून चालतात. जुन्या टेलिफोनच्या पिळदार वायरीप्रमाणे मळसूत्राची दिशा मध्येच उलटते. येथे आमच्या शेपट्याची झोक्याची कसोटी मुळीच लागू पडत नाही. केस झोका घेतच नाहीत. सारे मिळून एका गोळ्यासारखे हलकेच हिंदकळतात आणि जागेवर येतात.

आमच्या भाच्याने परवा तोही प्रयत्न करून पाहिला. त्याच्या यंत्रात डोक्यावर नवा केस उगविला की तो आपोआप सरळच उगवतो. कुरळेपणाचा आकडा आधीपासून शून्यावर ठेवलेला असतो.