मुक्या जनावराची बोली



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्याला दुसरं काही सुचत नाही. टोळी आली का, तोड कधी मिळणार, टनेज किती भरलं, पहिली उचल किती, चारचौघांत हाच विषय. त्यात वावगं काही नाही. पण उसाचा पैसा वर्षा-दीड वर्षानं हातात येतो. घरचा रोजचा मीठ-मिरचीचा खर्च, पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च चालतो तो गोठ्यावर. असं असून गोठ्यात आपण किती वेळ असतो? वैरण टाकली, शेण काढलं, धार काढली की पाठ फिरवली. जनावर काय करतं, कसं वागतं, हे बघायला आपल्याला सवड नसते.

मीही त्यातलाच. चार वर्षांपूर्वी माझी दुसऱ्या वेताची गाय गेली. दोन्ही वेळचं मिळून चौदा लिटर दूध देणारी. आठ दिवस दूध हळूहळू कमी होत होतं, मी म्हटलं ऊन वाढलंय. नवव्या दिवशी गाय वैरणीला तोंड लावीना तेव्हा डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "रवंथ कधीपासून बंद आहे?" मला सांगता येईना. पुढं विचारलं, "उतारावरून खाली जाताना बिचकते का? बसताना कण्हते का? पाठ कधीपासून वर काढून उभी राहते?" मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. खालच्या पट्टीतल्या लावणीला पाणी कितव्या दिवशी दिलं हे मी झोपेतही सांगितलं असतं. पण गोठ्यातल्या गाईचं मला काही ठाऊक नव्हतं. गाय वाचली नाही. पोटात बोटभर तार निघाली. बांधावरच्या कुंपणाची तार वैरणीबरोबर कडबाकुट्टीत गेली आणि तिचे तुकडे गव्हाणीत पडले. तार माझ्या हातून गेली, आणि आठ दिवस गाय सांगत होती तेही मीच ऐकलं नाही.

मांडव्याचा एक दिवस

त्यानंतर एकदा मांडव्याला जाणं झालं. रायगड जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यात, समुद्रकाठी हे गाव आहे. आमच्या थोरल्या मुलीचं सासर त्या बाजूला. मुंबईच्या गेटवेहून लाँच सुटते ती मांडव्याच्या धक्क्याला लागते. २०२० सालापासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारी वाहून नेणारी रो-रो बोटही येते. पण मी तिथं बोट बघत बसलो नाही. भाताचं पीक निघालं होतं, खाचरं रिकामी होती, वालाच्या वाफ्यांना तेवढं काटेरी कुंपण होतं. अशा दिवसांत तिकडं गुरं मोकळी चरतात. आपल्याकडं जनावर दावणीला बांधलेलं, आपण घालू ते आणि घालू तेव्हा खाणार. तिथं जनावर आपल्या मर्जीनं दिवस कसा काढतं ते बघायला मिळालं. मी घड्याळ आणि नातवाची वही घेऊन निघालो. व्याही हसले. म्हणाले, "व्याहीबुवा, आमच्या म्हशींची हजेरी घेता काय?"

दिवसभरात जे दिसलं ते असं. सकाळी सुटल्यापासून दहापर्यंत गुरं खाली मान घालून एकसारखी चरली. ऊन चढल्यावर गाय आंब्याच्या सावलीत बसून रवंथ करू लागली, म्हशी तळ्यात शिरल्या त्या तीनपर्यंत बाहेर आल्या नाहीत. चारनंतर सगळी पुन्हा चरायला लागली ती पार अंधार पडेपर्यंत. म्हणजे सकाळची आणि तिन्हीसांजेची, या जनावराच्या मनाच्या जेवणाच्या वेळा. आपण मात्र भर दुपारी, आपल्याला सवड मिळाली की, भारा टाकतो आणि म्हणतो गाय नीट खात नाही.

दुसरी गोष्ट शेळ्यांची. शेळी वरच्या ओठानं एक-एक पान वेचते, हुंगते, नको ते सोडते, वेळ पडली तर मागच्या पायांवर उभी राहून फांदी ओढते. गाय तसं करत नाही. तिचा वरचा ओठ जाड आणि फारसा न हलणारा. ती जिभेचा विळखा घालते, गवत ओढून तोडते आणि नीट न चावता गिळते. चावायचं काम नंतर, बसल्यावर. हे बघताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेळीच्या पोटात सहसा तार जात नाही आणि गाईच्या का जाते, याचं उत्तर त्यांच्या खाण्याच्या रीतीतच आहे. गिळलेली तार दुसऱ्या, जाळीसारख्या पोटात अडकते. त्या पोटाच्या आणि काळजाच्या मध्ये वितीपेक्षाही कमी अंतर असतं. म्हणून जनावर उताराला बिचकतं, कोपरं बाहेर काढून उभं राहतं. माझी गाय आठ दिवस हेच करत असणार.

किहीमचा धडा

मांडव्याहून अलिबागकडं जाताना चोंढीच्या नाक्यावर उजव्या हाताला किहीमचा फाटा लागतो. डॉ. सालिम अली हे नाव पुष्कळांनी ऐकलं असेल. १९३० साली ते जर्मनीहून पक्षिशास्त्र शिकून परत आले तेव्हा हाताला नोकरी नव्हती. त्या पावसाळ्यात ते किहीमच्या घरी राहिले आणि सुगरण पक्ष्यांची वसाहत रोज तासन्‌तास बघत बसले. कोणतं घरटं केव्हा सुरू झालं, मादी केव्हा आली, सगळ्याची नोंद. त्यातून कळलं की नर घरटं अर्धंच विणतो, मादी येऊन पसंत करते, मग तो ते पुरं करतो आणि लगेच दुसरं घरटं दुसऱ्या मादीसाठी सुरू करतो. १९३१ साली त्यांनी हे छापलं. सुगरणीची घरटी पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. बसून, वेळ टिपून बघण्याचं काम मात्र त्यांनी केलं.

प्राण्यांच्या वागण्याचा असा अभ्यास करणाऱ्या लोरेन्झ, टिनबर्गेन आणि फॉन फ्रिश या तिघांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळालं. पाळीव जनावरांबाबत इंग्लंडात १९६५ साली ब्रॅम्बेल समितीनं सांगितलं की, जनावराला उठता, बसता, वळता, अंग चाटता आणि हातपाय ताणता आलं पाहिजे. आता तर गाईच्या गळ्यात पट्टा बांधून ती किती चालली, किती रवंथ केला हे यंत्रावर मोजतात. आपल्याला पट्टा नसला तरी डोळे आहेत.

काय बघावं?

पहिलं, रवंथ. धडधाकट गाय दिवसरात्रीत सात-आठ तास रवंथ करते, त्यातला बराचसा रात्री. एका घासाला चाळीस ते साठ वेळा चावते. रवंथ करताना तोंडात लाळ सुटते, त्या लाळेत सोड्याचा अंश असतो, त्यामुळं पोटातलं आंबट मारलं जातं. म्हणून रवंथ कमी झाला की पचन बिघडलंच म्हणून समजा. निवांत बसलेल्या दहा गाईंपैकी निदान पाच-सहा तरी रवंथ करताना दिसल्या पाहिजेत. वैरणीची कुट्टी पार भुशासारखी बारीक केली तरी रवंथ कमी होतो; इंच-दीड इंच लांबी ठेवावी.

दुसरं, बसणं. गाय दिवसाकाठी दहा-बारा तास बसते. उठताना ती आधी मागचं धड उचलते आणि त्यासाठी डोकं पुढं झोकते. दावं आखूड असलं, पुढं गव्हाण अंगावर आली की तिला उठता येत नाही, मग ती बसायचंच टाळते. उभ्या-उभ्या पाय सुजतात, दूध घटतं. एकदा आपल्या गाईला उठताना बघा, दावं किती हवं ते तीच दाखवील.

तिसरं, पाणी आणि ऊन. म्हशीची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा फार थोड्या, त्यामुळं तिला अंगचा ताप टाकता येत नाही. मांडव्याच्या म्हशी चार तास तळ्यात होत्या ते काही आळसानं नव्हे. आपल्याकडं तळं नसेल तर दुपारी दोनदा अंगावर पाणी मारा, सावली करा. पिण्याचं पाणी मागेल तेव्हा मिळालं पाहिजे. एक लिटर दुधामागं साधारण चार लिटर पाणी लागतं. दावणीचं जनावर मागू शकत नाही. म्हणूनच अलीकडं मुक्त संचार गोठ्याचा बोलबाला आहे. मात्र तिथं दांडगी गाय गरीब गाईला गव्हाणीवरून हुसकते, तेव्हा गव्हाणीची लांबी सगळ्यांना एकदम खाता येईल इतकी ठेवा.

चौथं, माज. दर एकवीस दिवसांच्या आसपास गाय-म्हैस माजावर येते, आणि पुष्कळदा रात्री किंवा पहाटे. गाय हंबरते, दुसरीवर उडते, फेऱ्या मारते. म्हशीचा माज मुका असतो: थोडी सोट, वरचेवर लघवी, दूध जरासं कमी, एवढंच. तो हुकला की एकवीस दिवसांची वैरण फुकट गेली. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

वाढ्याबद्दल दोन शब्द

हंगामात आपल्याकडं वाढं मुबलक, आणि तेही फुकट. म्हणून चार-चार महिने नुसतं वाढंच चालतं. वाढ्यात ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य असतं. ते अंगातला चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून टाकतं. जनावर भिंत चाटायला लागलं, चिंधी किंवा हाडूक चघळायला लागलं की ते खोडकर झालं असं समजू नका. खनिज कमी पडल्याचं ते सांगतं आहे. वाढ्याबरोबर कडबा आणि लसूणघास द्या, दुभत्या जनावराला रोज पन्नास ग्रॅमच्या आसपास खनिज मिश्रण द्या, चुन्याची निवळी वाढ्यावर शिंपडा. गाभण आणि नुकत्याच व्यालेल्या जनावराला नुसत्या वाढ्यावर ठेवू नका. व्याल्यावर दोन-तीन दिवसांत गाय थंड पडली, कान गार लागले, मान वळवून कुशीला लावून बसली, तर सकाळ व्हायची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा. वेळेवर कॅल्शियमची सलाईन मिळाली तर अशी गाय बहुधा उठते.

पाव तासाचं काम

मी आता रोज रात्री जेवण झाल्यावर आणि पहाटे धारेआधी पाव-पाव तास गोठ्यात नुसता बसतो. बॅटरी अंगावर मारत नाही, हाक देत नाही. भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यावर चार गोष्टी लिहितो: कोणी वैरण टाकली, कोणाचा रवंथ दिसला नाही, कोण लंगडतं, कोण माजावर. कुट्टी करण्याआधी वैरणीतून चुंबक फिरवतो. पहिले आठ दिवस कंटाळा आला. मग एकेका जनावराची रीत ओळखीची झाली, आणि रीत मोडली की लगेच ध्यानात येऊ लागलं.

गेल्या पावसाळ्यात एक म्हैस रात्री बसलेली होती पण तोंड हलत नव्हतं. दुसऱ्या रात्रीही तेच. दूध अजून एक मापही कमी झालं नव्हतं. डॉक्टर आले, नेहमीचा प्रश्न विचारला, "रवंथ कधीपासून बंद आहे?"

मी म्हटलं, "परवा रात्रीपासून, साहेब. लिहून ठेवलंय." चौथ्या दिवशी म्हैस पूर्ववत खाऊ लागली.