लघवीत साखर दिसली म्हणून गोळी बंद करू नका

मधुमेहाच्या रुग्णाचा लघवीचा रिपोर्ट हातात येतो आणि साखरेपुढे चार अधिक चिन्हं दिसतात. रक्तातली साखर तर आटोक्यात आहे, मग ही कुठून आली? कुणीतरी सांगतं, "नव्या गोळीचा किडनीवर ताण येतोय, बंद करा." किडनी सांभाळण्यासाठी दिलेली गोळी अशी किडनीच्याच भीतीपोटी बंद होते. हे फार वेळा घडतं, आणि त्यात नुकसान रुग्णाचंच होतं.

ही गोळी बहुधा डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असते. निरोगी किडनी दिवसाला सुमारे १८० ग्रॅम साखर गाळते आणि जवळपास सगळी रक्तात परत घेते. परतीची ही वाट गोळी काही प्रमाणात अडवते, म्हणून साखर लघवीवाटे निघून जाते. ती चार चिन्हं गोळी लागू पडल्याची खूण आहेत. मधुमेह किती आटोक्यात आहे हे अशा रुग्णांत लघवीवरून ठरवता येत नाही. त्यासाठी रक्ताचीच तपासणी आणि एचबीए१सी लागतं.

ताणाचं म्हणाल, तर तो या गोळीनं उतरतो. मधुमेहात किडनीतल्या बारीक गाळण्यांमधला दाब वाढलेला असतो आणि वर्षानुवर्षं तो सोसून त्या निकामी होतात. गोळीमुळे साखरेसोबत सोडियमही पुढच्या नलिकेपर्यंत जास्त पोचतं. ते जाणवलं की किडनी गाळणीत रक्त आणणारी बारीक धमनी थोडी आवळून घेते आणि आतला दाब कमी होतो. म्हणूनच सुरुवातीच्या काही आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या कामाचं माप, किंचित वाढू शकतं. ही किरकोळ वाढ अपेक्षितच असते, आणि पुढच्या काळात किडनीची घसरण मंदावते. वाढ मोठी असेल तर मात्र डॉक्टरांनी कारण शोधलंच पाहिजे.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या डापा-सीकेडी चाचणीत किडनीचा जुना आजार असलेले ४,३०४ रुग्ण होते. किडनीचं काम निम्म्यानं घटणं, ती पूर्ण निकामी होणं, किडनी किंवा हृदयाच्या कारणानं मृत्यू येणं, या सगळ्यांचा एकत्रित धोका डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांत ३९ टक्क्यांनी कमी आढळला. चाचणीतल्या जवळपास एक तृतीयांश रुग्णांना मधुमेह नव्हताच.

"मला शुगर नाही, मग शुगरची गोळी कशाला?" या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. हृदयाची पंप करण्याची ताकद घटलेल्या रुग्णांवरच्या २०१९च्या डापा-एचएफ चाचणीतही निम्म्याहून अधिक जण मधुमेह नसलेले होते. हृदयविकारानं मृत्यू येण्याचा किंवा हार्ट फेल्युअर बळावण्याचा धोका त्यांच्यातही कमी झाला. तेव्हा हृदयाच्या डॉक्टरांनी ही गोळी लिहून दिली, तर केमिस्टच्या एका वाक्यावर ती सोडू नये.

हा गुण हाती लागला तो एका धास्तीतून. रोझिग्लिटाझोन या मधुमेहाच्या औषधानं हार्ट अटॅकचा धोका वाढत असावा, अशी शंका २००७ साली पुढे आली. मग २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं, नवं औषध हृदयाला घातक नाही हे दाखवा, अशी अट घातली. त्या अटीपोटी झालेल्या एम्पाग्लिफ्लोझिनच्या चाचणीचे निकाल २०१५ मध्ये आले आणि डॉक्टरही चकित झाले. हृदयविकार असलेल्या मधुमेहींत हृदयरोगानं होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले होते. साखर तर थोडीच उतरली होती. म्हणून "शुगर नॉर्मल आली, आता गोळी थांबवू" हा हिशेब इथे चालत नाही.

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही मधुमेहातली इंजेक्शनं या गोळ्यांपेक्षा वेगळ्या जातीची. "बारीक व्हायची सुई" एवढीच त्यांची ओळख झाली आहे, याची मला काळजी वाटते. २०२३च्या सिलेक्ट चाचणीत हृदयविकार आणि जास्त वजन असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ जणांत सेमाग्लुटाइडनं हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयरोगानं मृत्यू यांचा एकत्रित धोका २० टक्क्यांनी कमी केला. २०२४च्या फ्लो चाचणीत मधुमेहींच्या किडनीलाही लाभ दिसला. हे सारे लाभ आजार असलेल्या लोकांत मोजलेले आहेत. लग्नाआधी पाच किलो उतरवायला कुणाच्या ओळखीनं सुई आणणाऱ्यांना ते लागू होत नाहीत. शिवाय सुई थांबली की गेलेलं वजन बहुतांशी परत येतं. साखर झपाट्यानं उतरली तर डोळ्यांच्या पडद्याचा जुना आजार बळावू शकतो, म्हणून आधी डोळे तपासून घ्यावेत.

गोळ्यांकडे परत येतो, कारण त्यांचा एक धोका घराघरात माहीत असायला हवा. जुलाब-उलट्या सुरू असताना, निर्जळी उपवासाच्या दिवशी आणि ठरलेल्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधीपासून या गोळ्या थांबवाव्या लागतात. त्या कशा थांबवायच्या आणि पुन्हा कधी सुरू करायच्या, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. अशा वेळी गोळी चालूच राहिली तर रक्तात किटोन ही आम्लं साठू शकतात, आणि तेही साखर फारशी वाढलेली नसताना. उलटी, पोटदुखी, धाप असेल आणि ग्लुकोमीटर १८० दाखवत असेल, तरी घरी थांबू नका. दवाखान्यात गेल्यावर गोळीचं नाव आधी सांगा आणि किटोन तपासायला लावा.