मोनेचीं कुमुदें

गेल्या मार्गशीर्षांत माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढिला. पट्टी सुटल्यावर माजघराच्या खिडकींतून परसांतील पारिजातक पाहिला, आणि त्याच्या पानांमागील आकाश इतकें निळें असतें हें आपण विसरलोंच होतों, असें ध्यानांत आलें. तीन वर्षांपूर्वीं माझें कुटुंब निवर्तलें. तेव्हांपासून त्या खिडकीकडे मीं फारसें पाहिलेंच नव्हतें.

त्याच दिवसांत नातीनें क्लोद मोने ह्या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांचें पुस्तक माझ्या हातीं दिलें. चित्रकलेंतील ज्या पंथास आपण दृक्प्रत्ययवाद म्हणतों, त्याचा हा अध्वर्यु. १८७४ सालीं ह्या मंडळींनीं पॅरिस येथें पहिलें प्रदर्शन भरविलें, तेव्हां मोनेच्या एका सूर्योदयाच्या चित्राच्या नांवावरून एका टीकाकारानें थट्टेनें त्यांचें नामकरण केलें. त्यांचा अपराध एवढाच कीं, झाड म्हणजे हिरवें आणि सावली म्हणजे काळी हें पाठांतर सोडून, उघड्यावर बसून, त्या क्षणीं डोळ्यांस दिसेल तेंच त्यांनीं रंगविलें.

१८८३ सालीं मोने नॉर्मंडींतील जिव्हर्नी गांवीं राहावयास आला. १८९३ मध्यें घराजवळ जमीन घेऊन त्यानें तळें केलें, त्यांत कुमुदें लाविलीं, आणि पुढें तेंच पाणी तो रंगवीत राहिला. १९११ मध्यें त्याची दुसरी पत्नी वारली. १९१२ मध्यें दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचें कळलें. १९१४ मध्यें थोरला मुलगा गेला आणि महायुद्धही पेटलें. अशा काळांत त्यानें सुमारे २ मीटर उंचीचीं प्रचंड कुमुदचित्रें हातीं घेतलीं. १९१८ मध्यें युद्ध थांबतांच त्यांपैकीं कांहीं राष्ट्रास देऊं केलीं. श्रमांनीं शिणलेल्या मनास त्यांच्या सहवासांत विसावा मिळावा, ही त्याची जुनी इच्छा. १९२६ मध्यें तो वारला. १९२७ पासून तीं चित्रें पॅरिसच्या ऑरांझरींतील दोन अंडाकृति दालनांत आहेत.

ही केवळ कविकल्पना आहे काय? १९८४ सालीं रॉजर उल्रिच ह्या अमेरिकन संशोधकानें, पेन्सिल्वेनियांतील एका रुग्णालयांत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रोग्यांची तुलना प्रसिद्ध केली. निम्म्यांस खिडकींतून झाडें दिसत, निम्म्यांस विटांची भिंत. झाडें दिसणारे सरासरीनें जवळजवळ एक दिवस आधीं घरीं गेले, व त्यांस तीव्र वेदनाशामकेंही कमी लागलीं.

मात्र अतिशयोक्ति नको. कुमुदांनीं मोनेचा मोतीबिंदू बरा केला नाहीं. भयानें त्यानें शस्त्रक्रिया वर्षानुवर्षें लांबविली. अखेर १९२३ मध्यें ती करून घ्यावीच लागली. डोळा वैद्याकडेच न्यावा. पण डोळा उघडल्यावर काय पाहावें, हें मोनेपासून शिकण्यासारखें आहे.

हल्लीं मी रोज सकाळीं खिडकीशीं बसतों. पारिजातकाची सावली उन्हें कोवळीं असतांना निळसर असते, मग करडी होते. झाड तिनें लाविलेलें. दुःख सरलें असें म्हणवत नाहीं. परंतु दिवसाचा आरंभ आतां त्या झाडापासून होतो. घरांतील वृद्धांची खाट खिडकीशीं असावी, एवढीच वाचकांस विनंति.