साइडबोर्डाचें अंतरंग

भोजनगृहाच्या भिंतीस टेकून उभ्या असलेल्या एका लांबट मेजाविषयीं आज मला कांहीं सांगावयाचें आहे. वर काचेचीं व चांदीचीं भांडीं मांडावीं, खालीं खणांत चमचे-सुऱ्या आणि कप्प्यांत बाटल्या ठेवाव्या, एवढेंच त्याचें काम. इंग्रजींत त्यास साइडबोर्ड म्हणतात व आपणही तोच शब्द उचलला आहे. जुन्या सामानाच्या दुकानांत असा एखादा दिसला कीं दुकानदार "हा हेपलव्हाइटचा", "हा शेरॅटनचा" असें सांगून किंमत चढवितो. उलट, ज्यांच्या घरीं तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे ते अडगळ म्हणून त्याला मोडींत काढतात. दोन्हीकडे होणारें नुकसान अज्ञानाचेंच आहे. म्हणून या वस्तूचें कुलशील थोडें पाहूं.

मूळचा 'बोर्ड' म्हणजे नुसती फळी. मध्ययुगीन युरोपांत सरदाराच्या दिवाणखान्यांत मुख्य मेजाच्या बाजूस अशी फळी मांडून तिच्यावर मौल्यवान पात्रें रचीत. 'कपबोर्ड' हा शब्दही याच घराण्यांतला : पेले ठेवण्याची फळी ती कपबोर्ड, दारें लावलेलें कपाट हा अर्थ मागाहून आला. पंधराव्या शतकांत बर्गंडीच्या दरबारीं या मांडणीच्या पायऱ्या किती असाव्या हें मालकाच्या दर्जावरून ठरत असे. इटलींत हिला 'क्रेदेंत्सा' नांव पडलें. त्याचा मूळ अर्थ विश्वास. धन्याच्या अन्नांत विष नाहीं हें सेवकानें चव घेऊन सिद्ध करावयाचें तें या मेजापाशीं, अशी त्या नांवाची उपपत्ति देतात. पुढें राणी एलिझाबेथच्या काळीं इंग्लंडांत तीन उघड्या फळ्यांची ओकची मांडणी प्रचारांत आली. तिचे खांब मध्येंच भोपळ्यासारखे फुगलेले असत. आजच्या दृष्टीला ते कांहींसे बेढबच वाटतात.

आपण ज्याला साइडबोर्ड म्हणतों तो मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत जन्मला. चिपेंडेलच्या 1754 सालच्या सुप्रसिद्ध नमुनापुस्तकांत साइडबोर्ड आहेत, पण तीं निव्वळ टेबलें. त्यांना ना खण, ना कप्पा. त्यानंतर रॉबर्ट ॲडम या स्कॉटिश वास्तुशिल्पज्ञानें एक युक्ति काढली. टेबलाच्या दोन बाजूंस दोन स्वतंत्र चौथरे ठेवावयाचे व प्रत्येकावर एक कलश. कलशांत धुण्यापिण्याचें पाणी राही. एका चौथऱ्यांत आंतून पत्रा मारून ताटल्या ऊन ठेवण्याची सोय असे, दुसऱ्यांत मद्याच्या बाटल्या. डर्बीशरमधील केडलस्टन हॉल या वाड्याच्या भोजनगृहांत अशा मांडणीसाठीं भिंतींतच अर्धवर्तुळाकार कोनाडा त्यानें योजला. भोजनगृहाला एवढें महत्त्व कां, याचें उत्तरही त्यानें लिहून ठेविलें आहे. फ्रेंच लोक जेवण आटोपलें कीं दुसऱ्या दालनांत जातात. इंग्रज मात्र राजकारणाच्या गप्पा मारीत व मद्य घेत तेथेंच तासन्‌तास बसतात, असा त्याचा आशय आहे.

हें बसणें किती लांबे याची साक्ष साइडबोर्डाचा एक कप्पाच देतो. स्त्रिया उठून गेल्यावर पुरुषमंडळींची देहधर्माची अडचण दूर व्हावी म्हणून या कप्प्यांत एक भांडें ठेवलेलें असे! 1784 सालीं इंग्लंडांत आलेल्या फ्रान्स्वा द ला रोशफूको या तरुण फ्रेंच उमरावानें हा प्रकार पाहून आश्चर्य व्यक्त केलें आहे. वर चांदीचा झगमगाट आणि दाराआड हें! आजचे विक्रेते या कप्प्याचा उपयोग सांगतांना सहसा अडखळतात.

ॲडमची मांडणी वाड्यांनाच परवडणारी होती. शहरांतील मध्यम घरांसाठीं टेबल व चौथरे जोडून एकच वस्तु झाली. 1788 सालीं लंडनच्या सुतारांनीं मजुरीच्या दरांचें जें पुस्तक काढलें, त्यांत टॉमस शिअररनें असे नमुने दिले आहेत. त्याच वर्षीं जॉर्ज हेपलव्हाइटचें नमुनापुस्तक निघालें. पण तो 1786 मध्येंच वारला होता, पुस्तक काढलें त्याच्या विधवेनें. टॉमस शेरॅटनचें पुस्तक 1791 पासून क्रमाक्रमानें प्रसिद्ध झालें. पुढें चार व मागें दोन असे सहा निमुळते पाय, नागमोडी किंवा धनुष्याकृति दर्शनी बाजू, आणि गडद महॉगनींत फिक्या लांकडाची केसासारखी बारीक जडावाची रेघ, हीं या काळचीं लक्षणें होत. पुढचे कोपरे आंत वळलेले तर हेपलव्हाइट, बाहेर फुगलेले तर शेरॅटन, असा एक ठोकताळा सांगतात. त्यावर फार विसंबूं नये. शेरॅटनच्या पद्धतींत मागच्या कडेला पुष्कळदां पितळी कठडा असतो.

आतां मुख्य मुद्दा. हेपलव्हाइटनें स्वतः केलेली म्हणून सिद्ध झालेली एकही वस्तु उपलब्ध नाहीं. शेरॅटनची तर स्वतःची कर्मशाळा होती असाही पुरावा नाहीं. तो 1806 सालीं दारिद्र्यांत वारला. तेव्हां हीं नांवें पुस्तकांचीं आहेत. रंधा मारणारे हात दुसऱ्यांचे, आणि बहुतेक अनामिक. लांकडाचीही तीच कथा. ब्रिटिश वसाहतींतून येणाऱ्या लांकडावरील जकात 1721 सालीं उठविण्यांत आली व जमेकाची महॉगनी इंग्लंडांत येऊं लागली. जमेकांत आणि पुढें होंडुरासच्या किनाऱ्यावर ते प्रचंड वृक्ष तोडून ओढून आणणारे लोक आफ्रिकेंतून धरून आणलेले गुलाम होते. त्या आरशासारख्या झिलईंत त्यांचें प्रतिबिंब कोणी पाहिलें नाहीं.

एकोणिसाव्या शतकाविषयीं मी थोडक्यांत बोलतों, कारण त्यांतील पुष्कळसें काम मला जड वाटतें. पाय जाऊन पुन्हां भरींव चौथरे आले, सिंहाचे पंजे आले, मागें आरसे चढले. 1851 च्या लंडन प्रदर्शनांत वॉरिकच्या कुक्स या कारागीर मंडळींनीं मांडलेल्या साइडबोर्डावर एलिझाबेथ राणीच्या केनिलवर्थ-भेटीचा सारा देखावा कोरलेला होता. भांडीं ठेवावयाचीं कीं इतिहास वाचावयाचा, असा प्रश्न पडावा! याच हौसेचा एक प्रवाह आपल्या मुंबईसही पोंचला. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत येथील कारागिरांनीं शिसवी लांकडांत युरोपीय घाटाचे, पण वेलबुट्टीनें गच्च भरलेले साइडबोर्ड केले. परदेशांत तें काम 'बॉम्बे ब्लॅकवुड' म्हणून ओळखलें जातें. या सगळ्या भाराची प्रतिक्रिया म्हणून ई. डब्ल्यू. गॉडविन यानें 1867 च्या सुमारास जपानी वळणाचा, सरळ काळ्या दांड्यांचा साइडबोर्ड रचला. पुढें 1950 नंतर डेन्मार्कच्या सुतारांनीं सागाचे बुटके, सरकत्या दारांचे साइडबोर्ड केले, त्यांत मला गॉडविनचाच संयम दिसतो.

मग पारख कशी करावी? समोरून पाहूं नका. खण बाहेर काढा. हातानें कापलेल्या सांध्यांचे दांते थोडे लहानमोठे असतात, यंत्राचे अगदीं सारखे. आंतील फळीवर करवतीच्या अर्धवर्तुळाकार खुणा दिसल्या तर ती चक्राकार करवतीनें, म्हणजे एकोणिसाव्या शतकांत किंवा नंतर, कापलेली समजावी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेरॅटनच्या घाटाची पुन्हां लाट आली होती. तो माल उत्तम असूनही शंभर वर्षांनीं धाकटा आहे, त्याची किंमत तशीच द्यावी. मुठींच्या बाजूस बुजविलेलीं भोकें असतील तर मुठी बदललेल्या आहेत. लहान साइडबोर्डाला गिऱ्हाईक जास्त, म्हणून मोठे साइडबोर्ड मागून कापून उथळ करण्याची वाईट चाल आहे. खणाची मागची फळी नवी दिसली कीं संशय घ्यावा. एखाद्या खोल खणांत शिशाचें अस्तर आढळलें तर तो बाटल्या थंड ठेवण्याचा खण. तें अस्तर उपटूं नये, पण त्यांत खाण्याचा पदार्थही ठेवूं नये. जुनी झिलई खरवडून नवें चकचकीत पॉलिश चढविण्याचा मोहही आवरावा. आणि वस्तु शंभर वर्षांवरची असेल तर ती परदेशीं धाडण्यापूर्वीं 1972 चा पुरावस्तु कायदा पाहून घ्यावा. खाजगी गृहस्थास तशी निर्यात करतां येत नाहीं.