आवाजाची फाइल कोणती ठेवावी?

माझी थोरली बहीण अक्का दळतांना ओव्या म्हणत असे. त्यांचें बारा मिनिटांचें ध्वनिमुद्रण मीं केलें होतें. तें नातेवाइकांना ऐकतां यावें म्हणून वेबपानावर ठेविलें. परंतु गांवाकडील तुटपुंज्या नेटवर्कवर तें कोणाच्याहि मोबाइलांत धड वाजेना.

कारण असें कीं, ती फाइल ‘वेव्ह’ प्रकारची होती. तींत ध्वनिलहरीचें माप दर सेकंदास ४४,१०० वेळां घेऊन प्रत्येक माप १६ बिटांत जसेंच्या तसें लिहिलेलें होतें. मुद्रण एकाच वाहिनीचें असूनहि मिनिटास पांच मेगाबाइटांहून अधिक जागा लागते. बारा मिनिटांस सुमारें ६३!

‘एमपीथ्री’ची युक्ति निराळी. ढोल वाजत असतां शेजारची कुजबुज कोणास ऐकूं येते? मोठ्या आवाजाखालीं झांकला जाणारा असा बारीक भाग ती गाळून टाकते. सेकंदास ६४ किलोबिट धरले, तर त्याच ओव्या सहा मेगाबाइटांच्या आंत बसतात. बोलण्यास एवढें पुरतें. गायनाच्या मैफलीस मात्र १२८ हूनहि अधिक द्यावे. २०१२ सालीं प्रमाण ठरलेली ‘ओपस’ पद्धति ३२ किलोबिटांतहि भाषण स्वच्छ ऐकविते, पण जुन्या आयफोनवर ती वाजेलच असें नाहीं. म्हणून जाणकार दोन्ही फाइली ठेवितात, ओपस आधीं आणि एमपीथ्री मागून. ब्राउझर आपणांस झेपेल ती पहिली उचलतो.

माझी चूक झाली ती येथेंच. एमपीथ्री छान वाजली, तेव्हां उगाच जागा अडते म्हणून मूळ वेव्ह मीं पुसून टाकली! पुढें ओपस करावयास बसलों, तों हाताशीं गाळलेलीच फाइल. ती पुन्हां गाळली, तर जात्याची घरघर पाण्याखालून आल्यासारखी भासूं लागली. एमपीथ्रीची परत वेव्ह करावी म्हटलें, तर केवळ आकार फुगतो. गेलेला आवाज येत नाहीं. २००१ पासून ‘फ्लॅक’ हा प्रकार उपलब्ध आहे. तो एकहि बिट न गमावतां बहुधा निम्म्याच्या आसपास जागेंत मूळ मुद्रण सांभाळतो. मला हें तेव्हां ठाऊक नव्हतें.

अक्का आतां हयात नाहीं. ती एमपीथ्री मीं वेबपानावर आहे तशीच ठेविली असून तिच्या आणखी दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणीं जपल्या आहेत.