बाळासाठी गाताना

माझ्या धाकट्या भावाला गाणी येत नाहीत. त्याची मुलगी सव्वा महिन्याची होती, तेव्हाची गोष्ट. रात्रीचे अकरा वाजलेले, भावजय दमून झोपलेली, आणि हा रडणाऱ्या पोरीला खांद्यावर टाकून बैठकीत फेऱ्या मारतोय. काय गावं ते सुचेना, म्हणून त्याने पाढे म्हणायला घेतले. शाळेत सगळा वर्ग मिळून म्हणायचो तसे, सुरात, प्रत्येक ओळीचा शेवट जरा लांबवत. बेचा झाला, तीनचा झाला, बाराच्या पाढ्याला पोर गप्प झाली होती. पुढचे कितीतरी महिने त्या घरात रोज रात्री पाढे ऐकू यायचे. भावाला वाटायचं, आपण कशीबशी वेळ निभावतोय. पण तो गात होता ती अंगाईच होती आणि चांगली अंगाई होती.

ओळख जन्माआधीची

पोटातलं बाळ साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं. बाहेरचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचतं ते भिंतीपलीकडून ऐकल्यासारखं. शब्द पुसट होतात, चाल आणि ठेका मात्र शिल्लक राहतो. आईचा आवाज तिच्या शरीरातूनच येत असल्यामुळे तो सगळ्यांत ठळक असतो.

१९८० साली अमेरिकेत अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडात एक चोखणी दिली. एका प्रकारे चोखलं की आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या प्रकारे चोखलं की परक्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज येईल अशा रीतीने चोखणं पसंत केलं. पुढे १९८६ मध्ये याच डीकॅस्पर यांनी मेलनी स्पेन्स यांच्यासोबत काही गर्भवती बायकांना शेवटचे सहा आठवडे रोज एक ठरावीक गोष्ट मोठ्याने वाचायला लावली. जन्मल्यावर त्या बाळांना तीच गोष्ट जास्त आवडली, मग ती दुसऱ्या कुणी वाचलेली असली तरी.

म्हणून सातवा महिना लागला की एक गाणं ठरवावं आणि कणीक मळताना, बसमध्ये, झोपायच्या आधी तेच गुणगुणावं. पोटाला हेडफोन लावू नयेत. आत आवाज किती पोचतो याचा आपल्याला अंदाज येत नाही, आणि आईचा गळा असताना त्यांची गरजही नाही.

बोलण्यापेक्षा गाणं जास्त वेळ पुरतं

कॅनडात माँट्रियल विद्यापीठात सहा ते नऊ महिन्यांच्या तीस बाळांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. शांत बसलेल्या बाळांना काहीतरी ऐकवायचं आणि ती कुरकुरायला किती वेळ लागतो ते मोजायचं, एवढंच त्यात होतं. गाणारी समोर नव्हती, आणि गाणी होती तुर्की भाषेतली, म्हणजे या बाळांच्या घरात कधी न ऐकलेली. नुसतं बोलणं ऐकवलं तर बाळं सुमारे चार मिनिटं शांत राहिली, अगदी लाडीगोडीचं बोलणं असलं तरीही. गाण्यावर ती सुमारे नऊ मिनिटं राहिली.

असं का होत असावं? गाण्यात पुढे काय येणार ते कळतं. तीच ओळ फिरून येते, ठेका ठरल्या जागी पडतो. आपली अपेक्षा पुरी होते, हे बाळाला जाणवतं. दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवत मध्येच एक महत्त्वाचा ठोका गाळला, तर त्यांच्या मेंदूने तो चुकल्याची नोंद घेतली, हे २००९ च्या एका प्रयोगात दिसलं.

मला त्याहून आवडतो तो लॉरेल ट्रेनर यांचा २००५ मधला प्रयोग. सात महिन्यांच्या बाळांना एकच सपाट ठेका ऐकवला. काहींना दर दुसऱ्या ठोक्याला हातात धरून झुलवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर दोन्ही प्रकारे जोर देऊन वाजवलेले ठेके ऐकवले, तर ज्या तालावर ज्याला झुलवलं होतं तोच त्या बाळाने जास्त वेळ ऐकला. म्हणजे बाळ लय अंगाने ऐकतं. आपल्याकडे गाताना थोपटतात, मांडी हलवतात, पाळण्याची दोरी ओढतात. गाण्याचा अर्धा भाग त्या हातात असतो.

अंगाई आणि बडबडगीत

ही दोन वेगळी कामं आहेत आणि पुष्कळ घरांत त्यांची गल्लत होते. अंगाई बाळाला खाली आणते: संथ लय, थोडेच सूर, लांबवलेले स्वर, ओळीच्या शेवटी उतरता आवाज. बडबडगीत बाळाला वर नेतं: झटपट ठेका, टाळी, गुदगुल्या, ऐनवेळी थांबून डोळे मोठे करणं. संध्याकाळी साडेसातला बाळाला तळहातावरच्या मोराचा खेळ खेळवायचा, काखेपर्यंत बोटं चालवत न्यायची, आणि आठ वाजता ते झोपत नाही म्हणून त्रासायचं, यात बाळाचा काही दोष नाही.

बडबडगीतांना कमी लेखू नये. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की पहिले काही महिने बाळ भाषेतले सुटे उच्चार फारसे पकडत नाही. सात महिन्यांच्या सुमाराला ते जमू लागतं. त्याआधी ते बोलण्यातली लय पकडतं, शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते तिच्यावरून ओळखू लागतं. या अभ्यासात बाळांना बडबडगीतंच ऐकवली होती. आपल्या जुन्या बडबडगीतांत निरर्थक शब्दांची यमकं भरलेली असतात. अर्थ नाही म्हणून ती पोकळ ठरत नाहीत. मराठीचा ठेका सगळ्यांत स्वच्छ ऐकू येतो तो तिथेच.

दिवसातल्या कामांनाही गाणी हवीत. मालीश आणि अंघोळ, दुपट्यात गुंडाळणं, सहा महिन्यांनंतरचा चिऊचा घास, काऊचा घास. प्रत्येक वेळेला एकेक चाल ठरली की अंघोळीचं पाणी अंगावर पडायच्या आधीच आता काय होणार ते बाळाला समजतं.

शब्द गाणारीचे, चाल बाळाची

आपल्याकडे बाळासाठीची गाणी मुख्यत्वे दोन वाटांनी आली. एक वाट जात्यावरची. पहाटे दळताना बाई ओवी गायची आणि पुष्कळदा तान्हं तिच्या मांडीवरच झोपलेलं असायचं. ग्रंथातली ओवी साडेतीन चरणांची. जात्यावरच्या ओवीला तेवढंही बंधन नाही, श्वास पुरेल तितकी ओळ. खाली जात्याची अखंड घरघर, वर तिचा स्वर, आणि दोन्हींच्या लयीत पुढेमागे होणारं शरीर. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये या ओव्या जमवल्या, त्यांत बाळावरच्या ओव्यांना मोठी जागा आहे. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे खंडच्या खंड काढले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून जास्त ओव्या टिपून ठेवल्या.

या ओव्यांत बाळाचं कौतुक आहेच. पण माहेरची आठवण आहे, सासरचा जाच आहे, न आलेल्या भावाची वाट पाहणं आहे. जे कुणाला सांगता येत नव्हतं ते बाई बाळाला सांगत होती. मार्कंडेय पुराणातली मदालसा तर आपल्या लेकराला आत्मज्ञान ऐकवते. तान्ह्याला यातलं काय कळणार, असं विचारलं तर उत्तर तुर्की गाण्यांच्या अभ्यासात आहे: त्याला शब्द कळण्याची गरजच नव्हती. शब्द गाणारीच्या उपयोगाचे, चाल बाळाच्या. बाळंतपणानंतरच्या एकटेपणात, अर्धवट झोपेत, आपल्या मनातलं सुरात बोलायला एक जागा असणं ही फार मोठी सोय होती. आजच्या आईने ती गमावू नये. मनाला येईल ते चालीवर म्हणावं. आज दूध उतू गेलं, आई उद्या येणार आहे, तुझा बाबा अजून लोकलमध्येच आहे.

दुसरी वाट पाळण्याची. बाराव्या दिवशी बारशाला ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत बाळ पाळण्याखालून-वरून फिरवतात, आत्या कानात नाव सांगते, आणि बायका पाळणा म्हणतात. त्याची बांधणी पुष्कळदा दिवसांची असते: पहिल्या दिवशी हे झालं, दुसऱ्या दिवशी ते, असं करत बाराव्यापर्यंत. प्रत्येक कडव्याला जो जो. हाच साचा रामनवमीच्या दुपारी, गोकुळाष्टमीच्या मध्यरात्री, आणि शिवजयंतीला शिवनेरीवर चालतो. अशी बांधणी असली की गाणं पाठ करावं लागत नाही. दिवस मोजता आले की पुढचं कडवं आपसूक सुचतं. भावाचे पाढे मला त्याच जातीचे वाटतात.

पुढे चित्रपट आणि रेडिओने अंगाई घराघरांत नेली. १९७७ च्या ‘बाळा गाऊ कशी अंगाई’ या चित्रपटातलं सुमन कल्याणपूर यांनी गायलेलं गाणं आज तीन पिढ्यांना पाठ आहे. ते सुंदर आहे. पण तितकं चांगलं येत नाही म्हणून गप्प बसणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

रात्री प्रत्यक्षात काय करायचं

बाळ टिपेला जाऊन रडत असेल तर अगदी हळू आवाजातली अंगाई त्याच्या कानावर पडतच नाही. आधी त्याच्या रडण्याच्या जवळपास जाणारा, जरा मोठा आणि जलद स्वर लावावा, आणि ते ऐकायला लागलं की आवाज आणि लय हळूहळू उतरवावी. ‘ऊं’ किंवा ‘हं’ असा मिटल्या ओठांचा स्वर छातीला टेकलेल्या बाळाला कंपनातूनही जाणवतो.

जपानमधल्या रिकेन संस्थेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक साधी रीत सुचवली: रडणाऱ्या बाळाला उचलून पाच मिनिटं न थांबता चालावं, ते झोपलं की तसंच घेऊन पाच ते आठ मिनिटं बसावं, मग खाली ठेवावं. लगेच ठेवलं तर अंग सुटताना बाळ जागं होतं. या बसण्याच्या मिनिटांत गाणं चालू ठेवावं, पण शब्द सोडून नुसतं गुणगुणावं. ठेवायचं ते पाठीवर, उताणं.

आणि काही रात्री काहीच लागू पडत नाही. बाळाचं रडणं दीड महिन्याच्या सुमाराला सगळ्यांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. पोट भरलंय, लंगोट कोरडा आहे, ताप नाही, तरीही रडतंय आणि आपला तोल जातोय असं वाटलं, तर बाळाला सुरक्षित जागी उताणं ठेवून पाच मिनिटं बाहेर जावं, घरातल्या कुणाला तरी हाक मारावी. रागाच्या भरात बाळाला गदागदा हलवणं जिवावर बेतू शकतं.

फोनमधली अंगाई

टोरंटोच्या सँड्रा ट्रिहब यांनी बाळांच्या गाण्यांवर आयुष्यभर काम केलं. एकच गाणं आईकडून दोनदा गाऊन घेतलं, एकदा बाळ समोर असताना आणि एकदा नसताना, तर नुसतं ध्वनिमुद्रण ऐकूनही लोकांना फरक ओळखता येई. बाळ समोर असलं की लय संथ होते, आवाजात ओलावा येतो. बाळाने जांभई दिली की आपण नकळत आणखी हळू होतो, हसलं की तीच ओळ परत घेतो. फोनला ते दिसत नाही. तो ठरल्या वेगाने पुढे जातो, संपल्यावर जाहिरात लावतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये. नुसतं गाणं लावायचं असेल तर फोन पाळण्यात, उशाशी ठेवू नये. झोपेसाठी मिळणारी आवाजाची यंत्रं २०१४ मध्ये तपासली गेली, तेव्हा काही यंत्रांचा आवाज जवळून ८५ डेसिबलच्या वर गेला. लावलंच तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, हळू आणि थोडा वेळ.

काचेच्या पेटीतलं बाळ

दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाशी आईबाप फार जपून वागतात, बोलायलाही घाबरतात. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या अकरा रुग्णालयांत मिळून २७२ अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर अभ्यास झाला. पालकांनी निवडलेलं गाणं अंगाईच्या लयीत गायलं गेलं तेव्हा बाळांच्या हृदयाचे ठोके आणि दूध ओढणं यांवर चांगला परिणाम दिसला, पालकांची धास्तीही कमी झाली. कांगारू पद्धतीने बाळ छातीशी धरलेलं असताना गाणं सगळ्यांत सोपं. मात्र नर्सना विचारून, आणि कुजबुजीहून किंचित वर, एवढ्याच आवाजात. बाळाने भुवया ताणल्या, हाताची बोटं फाकवली किंवा तोंड फिरवलं तर थांबावं. ती त्याची ‘पुरे’ म्हणायची रीत असते.

ऐकू येतंय ना?

गाणाऱ्या माणसाला एक गोष्ट इतरांच्या आधी लक्षात येऊ शकते. बाळ फक्त चेहरा दिसल्यावर शांत होतं, मागून आलेल्या आवाजाने होत नाही. मोठ्या आवाजाला दचकत नाही. सहा महिन्यांचं झालं तरी आवाजाच्या दिशेला मान वळवत नाही. असं असेल तर ‘बोलेल उशिरा’ म्हणून थांबू नये. जन्मल्यावर महिन्याच्या आत कानाची तपासणी, शंका आली तर तीन महिन्यांपर्यंत निदान, आणि सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू, हा सर्वमान्य क्रम आहे. तपासणी बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होते, सुई टोचावी लागत नाही.

आणि ऐकू येत नाही असं ठरलं, तरी अंगाई बंद करू नये. बाळाला छातीवर पालथं घ्यावं, त्याचा तळहात आपल्या गळ्यावर ठेवावा, पाठीवर ठरल्या लयीत थोपटत गात राहावं. घशातलं कंपन त्याच्या बोटांना कळतं.